चालू ड्रिल मशीन किलोवर का विकायची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापुरात उद्यमनगर आहे, शिरोली आहे, गोकुळ शिरगाव आहे, लोखंड कापणारी आणि होल मारणारी माणसं इथे गल्लोगल्ली आहेत, तरीपण एखाद्याला घरच्या कामासाठी साधी जुनी बेंच ड्रिल मशीन, म्हणजे टेबलावर बसवून सरळ उभं होल मारायची मशीन, घ्यायची म्हटली तर ती सरळपणे मिळत नाही. मशिनी नाहीत असं नाही, भरपूर आहेत, पण त्या मशीन म्हणून विकल्याच जात नाहीत, भंगार म्हणून वजनावर जातात. याबद्दल कुठे छापून आलेलं माझ्या वाचनात नाही म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, पण कापू नका ही विनंती, कारण मधला भाग नव्याने मशीन घेणाऱ्याच्या कामाचा आहे.

होतं काय, जॉबवर्क करणारं एखादं छोटं वर्कशॉप बंद पडतं. मेस्त्री थकलेले असतात, मुलं पुण्याला नोकरीला लागलेली असतात, गाळा भाड्याचा, मालकाला महिनाअखेर रिकामा पाहिजे. लेथला गिऱ्हाईक मिळतं, कंप्रेसर जातो, वेल्डिंग सेट तर शेजारचाच कोणीतरी उचलतो. राहतं काय तर कोपऱ्यातलं ड्रिल, त्याच्यावर तेलकट धुळीचा थर, बेल्ट तुटलेला, मोटर काढून आधीच दुसरीकडे बसवलेली. मग भंगारवाला येतो आणि घणाने बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची बॉडी फोडतो, कारण अख्खी मशीन टेम्पोत जागा खाते आणि फाउंड्रीलाही भट्टीत टाकायला तुकडेच लागतात. तडा गेलेली, स्पिंडल म्हणजे ड्रिल फिरवणारा दांडा झिजलेली मशीन वितळायलाच गेली पाहिजे, त्याला कोणाचीच हरकत नाही. पण जिला फक्त दोन बेअरिंग आणि एक बेल्ट पाहिजे होता ती फोडताना बघितली की पोटात कालवतं. आणि त्याच गावात दोन किलोमीटरवर कोणीतरी तशीच मशीन शोधत फिरत असतो, हे जास्त वाईट.

घरी ड्रिल मशीन कशाला, हँड ड्रिल आहे की, असं लोक विचारतात. हँड ड्रिलने भिंतीत होल मारायला काही हरकत नाही, पण १० मिमी जाडीच्या पट्टीत सरळ उभं होल मारून त्यात टॅप (आटे पाडायचं हत्यार) घालायचा असेल तर हाताने ते जमत नाही, ड्रिल तिरकं जातं, टॅप मोडतो आणि मोडका टॅप काढणं म्हणजे अख्खा जॉब फेकून देणं. माझ्या ओळखीत अशी मशीन शोधणारे कोण कोण आहेत बघा. एक रिटायर्ड फिटर आहेत, ते शेजाऱ्यांच्या गेटची बिजागरं आणि पाणी तापवायच्या बंबाची झाकणं दुरुस्त करून देतात. कागलकडचा एक शेतकरी आहे, ट्रॉलीच्या पिना आणि नांगराच्या पट्ट्या स्वतःच बनवतो. इंजिनिअरिंगची दोन पोरं आहेत, रोबोटच्या स्पर्धेसाठी ॲल्युमिनियमच्या प्लेटा कापतात, आणि एक ताई लाकडी खेळणी करतात, त्यांना चाकाचं होल बरोबर मध्यावर पाहिजे असतं. यातल्या कोणाला फॅक्टरी काढायची नाहीये. पडवीत, जिन्याखाली, जुन्या न्हाणीघरात एक टेबल, जॉब घट्ट धरायला एक व्हाइस आणि एक ड्रिल, एवढंच पाहिजे.

नवी घ्या की, असंही सांगतात. नवी मिळते, ऑनलाइन तर घरपोच मिळते. पण त्यातल्या हलक्या मशिनींचा पिलर, म्हणजे उभा खांब, बारीक, टेबल पातळ, जरा जोर दिला की टेबल खाली झुकतं. शिवाय काहींचा कमीत कमी स्पीडच ५००-६०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) आसपास असतो. आता हिशोब साधा आहे, साध्या एचएसएस (हाय स्पीड स्टीलच्या) ड्रिलने, म्हणजे होल पाडणाऱ्या बिटने, माइल्ड स्टील कापायचं तर मिनिटाला साधारण २५ मीटरचा कटिंग स्पीड धरतात, म्हणजे ३ मिमीच्या ड्रिलला अडीच हजारापर्यंत स्पीड चालतो, १० मिमीला ८०० आणि १३ मिमीला ६०० च्या आसपास. स्टेनलेस असेल तर याच्या निम्म्यावर या. म्हणजे ज्या मशीनचा खालचा स्पीडच ६०० आहे तिच्यावर १२-१३ मिमीचं ड्रिल स्टेनलेसमध्ये घातलं की टोक निळं पडलंच समजा. जुन्या, जाड बिडाच्या, तीन-चार पायऱ्यांच्या पुलीवाल्या मशिनी, राजकोट, लुधियाना, बटाला इकडून आलेल्या, त्या वजनाला जड असतात आणि तेच त्यांचं भांडवल आहे, हादरा पोटात घेतात. चांगली नवी जड मशीनही मिळते हो, पण तिची किंमत ऐकून पडवीवाला माणूस गप्प बसतो.

आता जुनी घ्यायची तर बघायची कशी. हे मला उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी दाखवलं, त्यांच्याच शेडमध्ये, त्यांच्याच विकायला काढलेल्या मशीनवर, आणि स्वतःच्या मालातली खोट स्वतः दाखवणारा विकणारा मी आयुष्यात दुसरा बघितला नाही. पहिलं वाक्य त्यांचं हे की "रंगाकडं बघू नका, कानाकडं बघा." कान म्हणजे पिलरवर हेड आणि टेबल आवळायला जिथे बिडाचा चिरलेला भाग असतो ते दोन कान, त्यातनं बोल्ट जातो. कोणीतरी जोर करून बोल्ट आवळतो आणि कान तडकतो, मग निकेल रॉडने वेल्डिंग मारतात, वरनं पुट्टी आणि हिरवा रंग. ताजा रंग असेल तर नखाने तिथे खरवडून बघायचं, पुट्टी असली तर लगेच सुटते. वेल्डिंग मारलेलं टेबल घेऊच नये असं नाही, पण मग भाव तसा पाहिजे.

दुसरं, बेल्ट काढायचा आणि स्पिंडल हाताने फिरवायचा. नुसता हळू फिरवायचा आणि दुसऱ्या हाताचं बोट हेडवर ठेवायचं, बेअरिंग खराब असलं की बोटाला खरखर कळते, कानाला कळायच्या आधी. बेअरिंग खराब निघालं तर घाबरायचं काही नाही, त्याच्यावर नंबर असतो, बाजारात मिळतं. खरी भानगड पुढे आहे. हँडल फिरवून स्पिंडलची स्लीव्ह, म्हणजे त्याच्याभोवतीची वर-खाली होणारी नळी, पूर्ण खाली आणायची आणि चक (ड्रिल पकडणारा जबडा) धरून आडवं ढकलायचं, पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे. इथे टक्कन आवाज आला, हाताला प्ले म्हणजे ढिलेपणा जाणवला, तर स्लीव्ह किंवा तिचं घर झिजलंय आणि त्याला बेअरिंग बदलून उपाय नाही, बोअरिंग करून बुश घालावा लागतो, त्या खर्चात दुसरी मशीन येते. थोडासा प्ले सगळ्याच जुन्या मशीनला असतो, मेस्त्रींच्या मशीनलाही होता, पण तो डायलवर (बारीक फरक मोजायच्या घड्याळावर) दिसण्याइतका, हाताला लागण्याइतका नाही.

डायल नसेल तर काय, तर एक चांगली सरळ ग्राइंड केलेली पिन खिशात घेऊन जायची, चकमध्ये धरायची आणि पिनेच्या शेजारी व्हाइसची कड आणून मागे पांढरा कागद धरायचा. हाताने फिरवत फिरवत फट बघायची, फट कमी-जास्त होत असली तर कुठेतरी आऊट आहे, म्हणजे मध्यावर फिरत नाही. मग चक काढून तसंच स्पिंडलच्या टेपरला, म्हणजे चक बसतो त्या निमुळत्या खोबणीला, बघायचं. चक आऊट असेल तर चक नवा मिळतो, टेपर आऊट असेल किंवा आत ओरखडे पडले असतील तर स्पिंडलचंच काम निघतं. बऱ्याच मशीनला मोर्स टेपर (टेपरचं एक ठरलेलं माप) २ नंबर असतो, त्यात बोट घालून फिरवलं तरी आतला चरा लागतो. बोट घालायच्या आधी मेन स्विच बंद करून प्लग काढून ठेवा.

टेबलावर होल पडलेले असतातच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, कारागीर घाईत असतो. पण टेबल स्पिंडलला काटकोनात आहे का ते बघा. एक जाड तार घ्यायची, झेडसारखी वाकवायची, एक टोक चकमध्ये, दुसरं टोक टेबलाला जेमतेम टेकेल असं, आणि स्पिंडल हाताने गोल फिरवायचा. तार एका बाजूला घासते आणि समोरच्या बाजूला अधांतरी राहते म्हणजे टेबल कललंय. डावी-उजवीकडचा कल बहुतेक टेबलांना बोल्ट ढिला करून काढता येतो, पुढे-मागचा कल काढणं अवघड आहे. या सगळ्याला दहा मिनिटं लागतात आणि एक रुपया खर्च येत नाही.

आता मोटर. इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते, आणि बऱ्याचदा विकणाऱ्यालाही माहीत नसतं. मूळ मोटर गेली की हाताला लागेल ती बसवतात, पाण्याच्या पंपाची, ग्राइंडरची. ड्रिलच्या पुल्या १४४० आरपीएमच्या मोटरचा हिशोब धरून केलेल्या असतात, त्याच्यावर २८०० ची मोटर चढवली की सगळे स्पीड दुप्पट झाले, म्हणजे वर लिहिलेला सगळा हिशोब पाण्यात. मोटरवरची माहितीची पट्टी पुसून वाचा, पट्टी नसेल तर टॅकोमीटरवाला (फेरे मोजायचं यंत्र असलेला) माणूस शोधा. दुसरी गोष्ट थ्री फेजची. वर्कशॉपमधली मशीन बहुधा ४१५ व्होल्ट थ्री फेजवर चालणारी असते आणि घरी आपल्याकडे २३० व्होल्ट सिंगल फेज. त्यामुळे गिऱ्हाईक मागे फिरतं आणि मशीन भंगारात जाते, पण तेवढ्यासाठी सोडायची गरज नाही. मोटरच्या पेटीत सहा टोकं बाहेर असतील आणि पट्टीवर २३० आणि ४१५ दोन्ही लिहिलेलं असेल तर जाणकार वायरमन स्टारची जोडणी डेल्टा करून देतो आणि सिंगल फेज इनपुटवाल्या व्हीएफडीवर (सिंगल फेजवरून थ्री फेज मोटर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीवर) ती मोटर घरी चालते, वर स्पीड कमी-जास्त करायची सोय फुकट मिळते. तीनच टोकं असतील तर वाइंडिंग उघडावं लागेल, त्यापेक्षा अर्ध्या एचपीची सिंगल फेज १४४० ची मोटर बसवलेली बरी. आणि अर्थिंग. दोन पिनांच्या प्लगवर चालणारी बिडाची मशीन कोणी दाखवली तर तिथे हात लावू नका, आधी टेस्टर लावा.

गार्डबद्दल मात्र मला चीड येते. जुन्या मशिनींपैकी बऱ्याचशांवर बेल्टचं कव्हरच नसतं. स्पीड बदलताना दर वेळी उघडावं लागतं म्हणून पहिल्याच वर्षी काढून टाकतात आणि ते कायमचं हरवतं. वर्कशॉपमध्ये निदान सवयीचा माणूस उभा असतो, घरात लहान मूल असतं, कोणाची ओढणी असते, मोकळे केस असतात. पत्र्याचं कव्हर कुठल्याही फॅब्रिकेटरकडे बनतं, ते बनवल्याशिवाय मशीन घरात चालू करू नका. हातमोजे घालून ड्रिल चालवू नका, मोजा गुंडाळला की हातासकट ओढतो. चष्मा घाला. जॉब हाताने धरायचा नाही, व्हाइसमध्ये धरायचा आणि व्हाइस टेबलाला बोल्टने आवळायचा, कारण होल आरपार जाताना ड्रिल पत्र्यात अडकतं आणि पत्रा पात्यासारखा गरगरा फिरतो. चकची चावी चकमध्ये ठेवून बटण दाबणारे महाभाग मी बघितलेत, ती चावी समोरच्या भिंतीवर जाऊन आपटते, भिंतीच्या आधी कोणी उभं असेल तर त्याला लागते.

घरी नेतानाचं एक राहिलं. ड्रिलचं सगळं वजन वर असतं, हेड आणि मोटर, त्यामुळे उभी टेम्पोत ठेवली की पहिल्या वळणाला पडते आणि तेच कान तुटतात ज्यांच्याबद्दल वर लिहिलं. मोटर काढा, हेड काढा, आडवी निजवून न्या, खाली पोती घाला. हँडलशेजारची स्प्रिंगची डबी कोणी सोडवायला गेला तर त्याला थांबवा, आतली स्प्रिंग सुटली की बोटं सोलून निघतात.

मेस्त्रींनी ती मशीन मला मोटरसकट साडेसात हजाराला दिली. भंगारवाल्याने सांगितलेला भाव याच्या कितीतरी खाली होता, म्हणजे दोघांचाही फायदा झाला आणि मशीन जिवंत राहिली. पण आमची गाठ पडली ती निव्वळ ओळखीच्या ओळखीतून. ओळख नसेल तर? जुन्या मशिनरीच्या व्यापाऱ्यांकडे गेलो की बऱ्याच ठिकाणी मशीन एकावर एक रचलेल्या, चालू करून दाखवा म्हटलं की "लाइन नाही इथे", "घेऊन जा, गॅरंटी आहे", आणि ती गॅरंटी फक्त तोंडी. जुनी मोटारसायकल कोणी चालवून न बघता घेतो का? मग मशीनलाच हा नियम का नाही. एक थ्री फेजचा बोर्ड आणि एक लोखंडी पट्टी ठेवली की गिऱ्हाईकासमोर एक होल मारून दाखवता येतं, यापेक्षा जास्त कोणी मागत नाहीये.

पुण्याकडच्या लोकांची अडचण तर वाढलीच आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने चिखली-कुदळवाडीतली हजारो बांधकामं पाडली, त्यात भंगाराची गोदामं होती तशी लहान वर्कशॉपही होती. ती कारवाई बरोबर की चूक हा वेगळा विषय, त्यावर बरंच लिहून झालंय. पण अशा घाईत शेड रिकामी करताना लहान मशीनचं काय होतं ते सांगायला नको.

आणि सरकारी आयटीआय, पॉलिटेक्निक, कॉलेजची वर्कशॉप यांचं काय? तिथली जुनी ड्रिल मशीन निर्लेखित होते, म्हणजे कागदावरून उतरते, मग बऱ्याचदा लेथ, पंखे, मोडकी बाकं, खुर्च्या सगळं एकाच लॉटमध्ये लिलावात निघतं. तो लॉट घ्यायचा तर अनामत भरायची, नोंदणी करायची, सगळा माल ठरल्या मुदतीत उचलायचा. हे भंगारच्या मोठ्या व्यापाऱ्यालाच जमतं, आणि तो किलोचाच भाव धरणार. खरं तर या मशिनी पोरांच्या प्रॅक्टिकलपुरत्या चाललेल्या असतात, कारखान्यासारख्या तीन पाळ्यांत झिजलेल्या नसतात. ज्या पोराने त्या मशीनवर पहिलं होल मारलं त्याला ती स्वतःचा धंदा सुरू करायला ठरावीक किमतीत घेता आली तर सरकारचं काय जातंय? भंगारच्या भावापेक्षा दोन पैसे जास्तच मिळतील. निर्लेखन करताना चालू किंवा थोड्या दुरुस्तीत चालू होणाऱ्या लहान मशिनींची वेगळी यादी करून त्या एकेक विकाव्यात, पहिला हक्क माजी विद्यार्थ्यांना द्यावा, ही माझी संबंधित खात्याला विनंती आहे, आणि हे पत्र त्यांच्यापर्यंत पोचावं अशी फार इच्छा आहे.

उद्योजकांच्या संघटनांनाही एक सांगणं आहे. महिन्यातला एक रविवार, एमआयडीसीतलं एखादं मोकळं शेड, थ्री फेजचं एक कनेक्शन आणि एक जाणता मेस्त्री. ज्याला जुनी लहान मशीन विकायची त्याने आणून चालू करून दाखवायची, ज्याला घ्यायची त्याने बघून घ्यायची, मेस्त्रींना तपासणीचे दोनशे-तीनशे रुपये द्यायचे. रिटायर्ड मेस्त्री आनंदाने येतील, त्यांच्याइतकं हे ज्ञान कोणाकडे नाही आणि ते विचारायला आज कोणी जात नाही.

आपल्याकडे छोट्या जाहिरातींत जुन्या गाड्या आहेत, जागा आहेत, स्थळं आहेत. त्यातच आठवड्यातून एकदा "जुनी लहान मशिनरी" असा चार ओळींचा कॉलम सुरू करता आला तर बघा, दर थोडा कमी ठेवा, आणि जाहिरातीत चार गोष्टी सक्तीने छापा: ड्रिलची कपॅसिटी किती मिमी, मोटर सिंगल फेज का थ्री फेज आणि तिचा आरपीएम, बेल्टचं कव्हर आहे का नाही, आणि मशीन चालू करून दाखवणार का. सांगली, इचलकरंजी, कराडकडनंही जाहिराती येतील याची मला खात्री आहे.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर